पांडाजच्या टेबलात स्वतःच्या क्लासचे ऑब्जेक्ट: स्ट्र लिहूनही भलतंच दिसतंय

उन्हाळ_कांदा

नमस्कार मंडळी. आमचा नाशिक जिल्ह्यातला छोटा शेतकरी गट आहे. कुणाचा कांदा किती गेला, काय भावाने गेला, हमाली-तोलाई वजा जाता हातात काय आलं, हा सगळा हिशेब आजवर वहीत होता. तो आता पायथनमध्ये, पांडाज या तक्त्यांच्या लायब्ररीत, आणतोय. फोनवरून लिहितोय आणि कळफलक देवनागरी आहे, तेव्हा कोडमधली नावंही देवनागरीतच टंकतो, सांभाळून घ्या.

तीन क्लास केलेत. 'वजन' आत ग्रॅम पूर्णांकात ठेवतो आणि दाखवताना '१२ क्विं ३५ किलो' असं दाखवतो. 'रक्कम' आत पैसे ठेवते. 'लॉट' मध्ये एका गाडीतल्या सगळ्या गोण्यांची वजनं आहेत.

सुरुवातीला टेबलात सगळीकडे 'वजन ऑब्जेक्ट ॲट शून्य एक्स सात एफ...' अशी मेमरीच्या पत्त्याची माळ यायची. __स्ट्र__ (ऑब्जेक्टचा मजकूर करून देणारी मेथड) लिहिल्यावर वजन आणि रक्कम सुधारले. लॉट मात्र ऐकत नाही. नुसतं प्रिंट केलं की 'लॉट ४१, ६२ गोण्या' असं येतं. तोच लॉट डेटाफ्रेममध्ये, म्हणजे पांडाजच्या टेबलात, टाकला की

(५२.४ किलो, ४९.८ किलो, ५०.१ किलो, ४७.९ किलो, ...

असं दिसतं. ऑब्जेक्ट तोच, मग टेबलात वेगळा का?

शिवाय रकमेला लाख-कोटीचे स्वल्पविराम हवेत, तेही जमत नाहीयेत.

खटपट्या

__रेपर__ (स्ट्रचा भाऊ, प्रोग्रामरला दाखवायचा मजकूर) पण लिहिलंय का? लिस्टमध्ये ऑब्जेक्ट असला की पायथन स्ट्र विचारत नाही, रेपर विचारतो. टेबलातही तसंच असणार.

उन्हाळ_कांदा

दोन्ही लिहिलेत. दोन्हीकडून एकच मजकूर परत करतो. फरक शून्य.

रेणुका_ओळीत

लिस्टबद्दल खटपट्या म्हणतात ते बरोबर, पण पांडाजचा रस्ता वेगळा आहे. सेलमध्ये ऑब्जेक्ट असला तर पांडाज स्ट्रच वापरतो. पण त्याच्या आधी एक चाळणी लावतो, आणि तुमचा लॉट त्या चाळणीत अडकलाय.

पांडाजच्या आत 'पीप्रिंट थिंग' नावाचं फंक्शन आहे. ऑब्जेक्ट प्रकारच्या स्तंभातला प्रत्येक सेल त्यातून जातो. ते आधी विचारतं, ही डिक्शनरी आहे का? नसेल तर ही एखादी रांग आहे का? आणि 'रांग' ठरवण्याची कसोटी अगदी ढोबळ आहे: वस्तूवर इटर (एकेक घटक काढणं) चालतं, लेन (लांबी मोजणं) चालतं आणि ती स्ट्रिंग किंवा बाइट्स नाही, झालं. मग ते तुमच्या __स्ट्र__ कडे ढुंकूनही बघत नाही. आतला एकेक घटक काढून कंसात मांडतं. दोन्ही कसोट्यांत न बसणाऱ्या वस्तूलाच स्ट्र लागतो. २.२ आवृत्तीत तरी हे असंच आहे.

तुमच्या लॉटमध्ये __लेन__ आणि __इटर__ दोन्ही असणार. बरोबर? __सेटआयटम__ (आतला घटक बदलायची सोय) मात्र नसणार. ते असतं तर गोल कंसाऐवजी चौकोनी दिसला असता, पांडाज कंस त्यावरूनच निवडतो.

वजन आणि रक्कम यांना लांबी नाही, म्हणून ते सुखरूप सुटले.

उन्हाळ_कांदा

अहो, तुम्ही कोड न बघता कंसावरून ओळखलंत! लेन आणि इटर दोन्ही आहेत. लॉटवरून सरळ फॉर लूप फिरवता यावा आणि गोण्या मोजता याव्यात म्हणून लिहिले होते. सेटआयटम नाही.

मग आता हे काढून टाकू का? बाकीचा अर्धा कोड त्यावर उभा आहे.

रेणुका_ओळीत

काढायची गरज नाही. टू-स्ट्रिंग आणि टू-एचटीएमएल या दोन्ही पद्धतींना 'फॉरमॅटर्स' नावाचा पॅरामीटर आहे. स्तंभाचं नाव आणि त्यासमोर फंक्शन अशी डिक्शनरी द्यायची. लॉटच्या स्तंभासमोर नुसतं स्ट्र लिहा. फॉरमॅटर दिला की पीप्रिंट थिंग बाजूला पडतं आणि तुमचा मजकूर जसाच्या तसा येतो.

टेबल छापण्याच्या आणखी दोन खोड्या सांगून ठेवते. स्ट्रमध्ये नवी ओळ घातलीत, म्हणजे वर लॉट क्रमांक आणि खाली गोण्या, तर टेबलात ओळ मोडत नाही. तिथे उलटी तिरकी रेघ आणि एन अशी अक्षरंच छापली जातात. आणि मजकूर ५० अक्षरांवर गेला की शेपटी कापून तीन टिंबं येतात. ती मर्यादा 'डिस्प्ले डॉट मॅक्स कॉलविड्थ' या पर्यायात बदलते, नन (पायथनचं 'काही नाही') दिलंत तर मर्यादाच उठते.

नेमटपलवाल्यांनाही (फील्डना नावं दिलेला टपल) हाच अनुभव येतो. प्रिंट केलं की फील्डची नावं दिसतात, टेबलात गेलं की नुसते आकडे. कारण तेच, टपल म्हणजे रांग.

स्वल्पविराम

उत्तर बरोबर आहे, पण मी मूळ प्रश्नावरच बोट ठेवतो. टेबलाच्या सेलमध्ये ६२ गोण्या कोंबायच्याच कशाला? एक गोणी, एक ओळ. लॉट क्रमांक हा साधा स्तंभ. गोण्या किती आणि एकूण वजन किती हे ग्रुपबाय (गटवारी) करून काढा. दिसण्याचा प्रश्नच उरत नाही.

वजन आणि रक्कम यांचंही तेच. ग्रॅम पूर्णांकात, पैसे पूर्णांकात, आणि स्तंभ साध्या इंट प्रकाराचा. ऑब्जेक्ट प्रकारच्या स्तंभात नुसते पत्ते साठवलेले असतात, खऱ्या वस्तू मेमरीत इतस्ततः. नमपायचा, म्हणजे पांडाजखालच्या आकडेमोडीच्या लायब्ररीचा, वेग तिथेच संपतो. क्लास करून मिळवलं काय, तर दिसणं. आणि दिसण्यासाठी माल ठेवायची जागा बदलू नये.

उन्हाळ_कांदा

वेगाचं म्हणाल तर आमचा सगळा हंगाम काही हजार ओळींत बसतो. क्लास केले ते वेगळ्या कारणाने. वहीत एकाने किलो लिहिले, दुसऱ्याने क्विंटल, आणि कुणीतरी दोन्हींची बेरीज मारली. वजन क्लासमध्ये तसं करताच येत नाही, लगेच एरर देतो. तो पहारा मला सोडवत नाही.

स्वल्पविराम

पहारा हवाच. पण तो दारात ठेवा. नोंद आत येताना वजन क्लासने तपासा, एकदा ग्रॅम झाले की टेबलात आकडा. स्तंभाच्या नावातच एकक लिहा: 'वजन_ग्रॅम'. बाहेर काढताना पुन्हा सजवा.

ऑब्जेक्टच ठेवायचे तर पुढे काय काय वाढून ठेवलंय ते सांगतो, मग ठरवा.

सॉर्ट करायला __एलटी__ (लहान कोण हे ठरवणारी मेथड) लागतो, नाहीतर टाइप एरर. डेटाक्लास (नुसती फील्ड सांगून झटपट केलेला क्लास) वापरत असाल तर ऑर्डर ट्रू द्या, पण तुलना फील्डच्या क्रमाने होते हे ध्यानात ठेवा. किलो आधी आणि क्विंटल नंतर लिहिलंत तर ९९ किलोचा माल ५० क्विंटलच्या पुढे जाऊन बसेल. एकच ग्रॅमचं फील्ड असेल तर ही भानगड नाही.

ग्रुपबाय, युनिक, व्हॅल्यू काउंट्स या सगळ्यांना हॅश (वस्तू ओळखायचा आकडा) लागतो. साध्या डेटाक्लासला बरोबरीची तुलना आपोआप मिळते आणि त्याच फटक्यात त्याचा हॅश जातो. 'अनहॅशेबल टाइप' दिसलं की समजा. फ्रोझन ट्रू दिलं की तो परत मिळतो.

बेरीज __ॲड__ लिहिल्यावर होते. पण मध्ये एखादी नोंद रिकामी असली की पांडाज तिथे शून्य धरतो, आणि वजन अधिक साधा शून्य हे तुमच्या क्लासला झेपत नाही. पहारा कडक असेल तर मुद्दामच झेपत नाही.

खटपट्या

आणि एक्सेल! गटाचे लोक शेवटी एक्सेलच मागणार. टू-एक्सेलला अनोळखी ऑब्जेक्ट मिळाला की तो त्याचा स्ट्र करून लिहितो. म्हणजे रकमेच्या स्तंभात मजकूर जातो. दिसायला झकास, स्वल्पविराम-बिराम सगळं, आणि खाली सम लावला की शून्य. हिशेबनीस फाइल तोंडावर मारतो.

सीएसव्हीतही तसंच. स्ट्र लिहिला जातो आणि परत वाचलं की नुसत्या स्ट्रिंगा मिळतात, क्लास गेला.

उन्हाळ_कांदा

एक्सेलचा मुद्दा पटला. आमच्याकडे पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद) बघणारे सगळे मोबाइलवर एक्सेलच उघडतात. ठीक, टेबलात आकडे ठेवतो. मग सजवायचं कुठे? आणि लाख-कोटीचे स्वल्पविराम?

रेणुका_ओळीत

पायथनच्या फॉरमॅटमध्ये स्वल्पविराम दिला की तो तीन-तीनचेच गट करतो, १,२३४,५६७. आपली पद्धत त्याला ठाऊक नाही. लोकेल (भाषा-देशाप्रमाणे मांडणीचे नियम) वापरलं तर ३ नंतर २-२ असे गट मिळतात, पण ते लोकेल त्या यंत्रावर बसवलेलं असावं लागतं, आणि विंडोज व लिनक्स यांत लोकेलची नावं सारखी नसतात. तुमच्या लॅपटॉपवर चाललं आणि सर्व्हरवर कोसळलं असा प्रकार ठरलेला. हाताने फंक्शन लिहिणं सोपं.

आकड्याची स्ट्रिंग करा. शेवटची तीन अक्षरं बाजूला काढा. उरलेल्याचे मागून दोन-दोनचे तुकडे करा, स्वल्पविरामाने जोडा, शेवटी ते तीन लावा. १२३४५६७ मधून ५६७ निघाले, १२३४ चे १२ आणि ३४ झाले, जोडून १२,३४,५६७.

एक जागा जपा: ऋण आकडे. पट्टीत उचल वजा जाऊन बाकी ऋण येत असेलच. चिन्ह आधी काढून ठेवलं नाही तर उणे एक लाखाला काही होत नाही, तो बरोबर येतो, आणि म्हणूनच चाचणीत सगळं ठीक वाटतं. उणे दहा हजाराला मात्र '-,१०,०००' असं ध्यान येतं. तेव्हा आधी ॲब्स, मग गट, शेवटी चिन्ह.

पैसे फ्लोटमध्ये कधीच नकोत, ते तुम्ही आधीच पूर्णांकात ठेवलेत, उत्तम.

स्वल्पविराम

सजवायची जागा म्हणजे स्टायलर. डीएफ डॉट स्टाइल डॉट फॉरमॅट. तिथेही स्तंभागणिक फंक्शन देता येतं आणि खालचा डेटा जसाच्या तसा राहतो. सॉर्ट, बेरीज, सगळं आकड्यांवर. नजरेला दिसतं ते वेगळं. जिंजा-टू हे पॅकेज बसवलेलं लागतं तेवढं.

खटपट्या

स्टायलरवाल्यांनो, एक्सेलला पाठवताना स्टायलरचा फॉरमॅट दुर्लक्षिला जातो हेही सांगा की! रंग पोचतात, ठळक अक्षरं पोचतात, फॉरमॅट पोचत नाही. दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय, पण वाचतो कोण.

त्यावर उतारा म्हणजे सीएसएससारखा (वेबपानं सजवायची भाषा) दिसणारा 'नंबर-फॉरमॅट' हा गुणधर्म. त्यात एक्सेलचा साचा द्यायचा. एक्सेलच्या साच्यात भाग अर्धविरामाने पाडतात आणि सीएसएसमध्ये अर्धविराम म्हणजे गुणधर्म संपला. म्हणून पांडाज तिथे अर्धविरामाऐवजी § हे चिन्ह घ्यायला सांगतो. हे माहीत नसेल तर माणूस केस उपटत बसतो.

लाख-कोटीचा साचा तीन भागांचा करतात: कोटी आणि वर असेल तर एक, लाख आणि वर असेल तर दुसरा, उरलेल्याला तिसरा. एक्सेल दोनच अटी घेऊ देतो, त्यामुळे ऋण आकडे सगळे तिसऱ्या भागात पडतात आणि उणे बारा लाख तीन-तीनच्या गटात दिसतात. त्यावर एका साच्यात इलाज नाही. मी उचलीचा स्तंभ वेगळाच ठेवतो, धन आकड्यांत, आणि शीर्षकात 'वजा' लिहितो.

आरवाला_अण्णा

लांबून मजा बघतोय. आमच्या आर भाषेत टिबल (तिथलं टेबल) छापताना पिलर नावाचं पॅकेज काम करतं. तुमच्या क्लाससाठी फॉरमॅटची मेथड लिहिली की स्तंभ तसा दिसतो, आणि व्हीसीटीआरएस या पॅकेजमधली आणखी एक मेथड लिहिली की स्तंभाच्या नावाखाली त्या प्रकाराचं छोटं नावही येतं. म्हणजे 'वजन' खाली बारीक अक्षरात 'किलो'. बघणाऱ्याला एकक कळतं आणि आत डबलच (साधा दशांश आकडा) राहतो. बेरीज कुठल्या दोन प्रकारांची चालावी हेही त्याच पॅकेजात ठरवता येतं. तुमच्या पहाऱ्यासकट सगळं.

स्वल्पविराम

अण्णा, तशी सोय इकडेही आहे. एक्स्टेन्शन ॲरे (स्वतःच्या प्रकारचा स्तंभ), पांडाज ०.२३ पासून, म्हणजे २०१८ पासून. त्यात '_फॉरमॅटर' नावाची मेथड असते. तिला सांगितलं जातं की ॲरे सुटा छापतोय की टेबलाच्या आत, आणि ती त्याप्रमाणे फंक्शन परत करते. काही सांगितलं नाही तर सुट्याला रेपर आणि टेबलात स्ट्र. जिओपांडाजचा भूमितीचा स्तंभ याच वाटेने चालतो. एककांसाठी पिंट-पांडाज आहे.

पण निवड, जोडणी, रिकाम्या जागा ओळखणं, कॉपी, सगळ्या मेथड स्वतः लिहायच्या. कांद्याच्या पट्टीसाठी एवढं करू नये.

रेणुका_ओळीत

ते नको, पण वजन क्लास मोडीत काढायचं दुःख असेल तर मधला मार्ग आहे, आणि तो मला सगळ्यांत आवडतो: __फॉरमॅट__.

कोलनच्या पुढचा मजकूर या मेथडला मिळतो. म्हणजे महिरपी कंसात कोलन आणि 'क्विं' लिहिलं तर क्विंटल, 'कि' लिहिलं तर किलो, काहीच नाही तर पूर्ण मजकूर, हे तुमचा क्लास ठरवेल. स्टायलरच्या फॉरमॅटला फंक्शनऐवजी असा कंसाचा साचाही चालतो. तोच स्तंभ बाजार समितीच्या तक्त्यात क्विंटलमध्ये आणि शेतकऱ्याच्या पट्टीत किलोमध्ये, एका शब्दाच्या फरकाने. क्लासने __फॉरमॅट__ लिहिलेलं नसेल आणि तुम्ही साचा दिलात तर टाइप एरर येतो, आपल्या साध्या ऑब्जेक्टला रिकामा साचाच समजतो.

टेबलात ग्रॅमचा आकडा ठेवायचा असेल तर फंक्शनमध्ये आकड्याचं वजन करून लगेच फॉरमॅट करा. क्लास जिवंत, स्तंभ इंट. स्वल्पविराम यांनाही आक्षेप नसावा.

स्वल्पविराम

नाही. हेच करा.

उन्हाळ_कांदा

करून पाहिलं, चाललं! गोण्यांचं वेगळं टेबल केलं, लॉटचा क्लास फक्त नोंद घेताना वापरतो. दोन नवीन त्रास. एक, प्रतीसाठी ईनम (ठरावीक पर्यायांचा क्लास) केला होता: उन्हाळ, लाल, गोल्टी. टेबलात 'प्रत.गोल्टी' असं येतं, पुढचं 'प्रत.' नकोय. दुसरा, टर्मिनलमध्ये देवनागरी स्तंभ सरळ येत नाहीत, आकडे खाली-वर सरकतात.

खटपट्या

ईनमचा स्ट्र तसाच असतो, क्लासचं नाव, टिंब, सदस्य. पायथन ३.११ पासून स्ट्रईनम आहे, तो नुसती किंमत देतो. पण तुम्हाला खरं तर कॅटेगोरिकल (ठरावीक पर्यायांचा पांडाजचा स्तंभ) हवं, ऑर्डर्ड ट्रू देऊन. गोल्टी सगळ्यांत खाली यायला हवी, अकारविल्हे लावली तर ती 'उन्हाळ' आणि 'लाल' यांच्या मध्ये येते.

रेणुका_ओळीत

दुसरा त्रास टर्मिनलचा आणि पांडाजचा मिळून आहे. पांडाज रुंदी मोजतो ती युनिकोडच्या खुणा मोजून. 'गोल्टी' मध्ये ग, ओकार, ल, हलन्त, ट, वेलांटी अशा सहा खुणा आहेत. पडद्यावर 'गो' आणि 'ल्टी' एवढंच, सहा घरं भरत नाहीत. पांडाज समजतो सहा भरली आणि तेवढ्या हिशेबाने मोकळी जागा सोडतो. 'लाल' ला तीन खुणा. प्रत्येक ओळीत चूक वेगळी, म्हणून नागमोडी दिसतं.

'ईस्ट एशियन विड्थ' नावाचा पर्याय सापडेल, त्याच्या नादी लागू नका. तो चिनी-जपानी दुप्पट रुंद अक्षरांसाठी आहे, आपल्या मात्रांना तो एकेकच मोजतो. ज्युपिटर नोटबुकमध्ये किंवा एचटीएमएल करून ब्राउझरमध्ये बघा, तिथे रुंदी ब्राउझर सांभाळतो. टर्मिनलच हवं असेल तर देवनागरी स्तंभ शेवटी ठेवा. वेडावाकडा होऊ दे, त्याच्या उजवीकडे सरकायला काही नसतं.

आरवाला_अण्णा

आकडेही देवनागरीत हवे असतील ना?

रेणुका_ओळीत

ते सोपं. अगदी शेवटी, मजकूर तयार झाल्यावर, स्ट्रिंगच्या ट्रान्सलेटने दहा अंक बदला. आणि उलट बाजू तर पायथन फुकट देतो: इंट('१२') लिहिलं की १२ मिळतात. देवनागरीत टंकलेल्या नोंदी तशाच वाचता येतील. शेतकऱ्यांकडून फोनवर आकडे मागवत असाल तर हे फार उपयोगाचं.

कोडमधली नावंही देवनागरीत चालतात, पायथन ३ मध्ये. फक्त 'व्यापाऱ्याचे' सारख्या नावात काही कळफलक अदृश्य जोडचिन्ह घालतात, ते आलं की सिंटॅक्स एरर, आणि डोळ्यांना काही दिसत नाही.

उन्हाळ_कांदा

शेवटचं एक. पट्टीखाली एकूणची ओळ हवी. ती डेटाफ्रेममध्येच जोडली तर पुढच्या वेळी बेरीज दुप्पट येते.

स्वल्पविराम

डेटाफ्रेममध्ये घालूच नका. १.५ आवृत्तीपासून स्टायलरला कॉनकॅट आहे. बेरजेचा वेगळा छोटा डेटाफ्रेम करा, त्याची स्टाइल घ्या, तिला तेच फॉरमॅट लावा आणि मूळ स्टायलरला जोडा. फॉरमॅट दोन्हींना वेगवेगळा द्यावा लागतो, वरचा आपोआप खाली उतरत नाही. स्तंभ मात्र दोन्हीकडे तेच आणि त्याच क्रमाने हवेत, तेव्हा गोण्या आणि प्रत यांच्या जागीही काहीतरी भरा.

उन्हाळ_कांदा

प्रतीच्या जागी रिकामी स्ट्रिंग भरली, बसलं. उद्या गटाला पट्टी पाठवतो.